माणसाळलेली पाल

मराठी माणूस आणि पाल यांचं नातं जुन्या चाळीतल्या मालक-भाडेकरूसारखं आहे. दोघं एकाच छपराखाली राहतात, दुसऱ्याने जावं असं दोघांनाही वाटतं आणि दोघांपैकी कोणीच जात नाही. पाल आपल्या घरातले डास, पाखरं, झुरळांची पिल्लं फुकटात खाते. त्याबद्दल तिचे कोणी आभार मानल्याचं ऐकिवात नाही. उलट भाषेने तिची यथेच्छ बदनामी केली आहे. गाय गरीब, कुत्रा इमानी, मुंगी उद्योगी. पाल मात्र मनात शंका आली की चुकचुकायला ठेवलेली. तिचा चुलतभाऊ सरडा. तो रंग बदलतो म्हणून त्याला पुढाऱ्यांच्या पंक्तीला बसवलं आणि त्याची धाव कुंपणापर्यंत म्हणून आम्हा कारकुनांच्या. घरातली पाल विषारी नसते हे शास्त्रज्ञ सांगून थकले, पण दुधात पाल पडल्याची गोष्ट प्रत्येक घराण्यात एक तरी असतेच.

पंचांगवाल्यांनी तर पालीचं कोष्टकच करून ठेवलं आहे. पल्लीपतन! पाल अंगावर कुठे पडली तर कोणतं फळ, याची अवयववार यादी. मी कॉमर्सचा पदवीधर आणि पोटापाण्यासाठी बँकेतला क्लार्क. त्यामुळे कोणतंही कोष्टक दिसलं की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. हे कोष्टक व्याजदराच्या तक्त्याइतकं शिस्तशीर आहे. त्यात त्रुटी एकच. पाल पडल्यावर माणसाचं काय होणार याचे रकाने आहेत. पालीचं काय होतं, याचा एकही रकाना नाही. बिचारी छतावरून एका अनोळखी टकलावर आपटते, माणूस किंचाळतो, केरसुणी येते. तिच्या पंचांगात याला काय म्हणत असतील?

तिकडे कांचीपुरमला वरदराज पेरुमाळच्या देवळात छताला सोन्याची आणि चांदीची अशा पाली आहेत. भाविक रांगा लावून त्यांना हात लावतात. त्याने दोष जातो अशी श्रद्धा आहे. थोडक्यात, पाल धातूची असेल तर तिला स्पर्श करायला आपण रांगेत उभे राहतो आणि जिवंत असेल तर स्टुलावर.

या पार्श्वभूमीवर, जगात पैसे मोजून पाल विकत घेणारी, तिला काचपेटीत ठेवणारी, तिच्यासाठी दिवे लावणारी आणि संध्याकाळी तिला हातावर घेऊन बसणारी माणसं आहेत, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्याकडे केवायसीची कागदपत्रं मागितली असती. पण असं एक कुटुंब माझ्या सख्ख्या नात्यात निघालं. माझी थोरली बहीण न्यू जर्सीला असते. साठवलेली सगळी रजा आणि साठवलेले बरेचसे पैसे एकदम काढून मी २०२३ च्या उन्हाळ्यात तिच्याकडे तीन आठवडे राहून आलो. लोक अमेरिकेहून येऊन नायगाराबद्दल बोलतात. मी पालीबद्दल बोलतो. नायगारा मला काही विचारत नव्हता; त्या पालीने मात्र एक प्रश्न विचारला आणि तो अजून माझ्या डोक्यात आहे.

भाच्याची पाल ‘लेपर्ड गेको’ जातीची. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, म्हणून लेपर्ड. तळहाताएवढी म्हणा किंवा थोडी मोठी. रंग पिवळा, त्यावर काळे ठिपके. मोहरी जरा जास्त पडलेले पोहे बशीतून उठून चालू लागावेत तशी ती दिसते. भाच्याने तिचं नाव ‘पोहे’ असंच ठेवलं होतं. तेरा वर्षांच्या मुलाचं मराठी सुटत चाललंय, अशी ताईची तक्रार होती. मला ते नाव ऐकून मराठीच्या भवितव्याबद्दल धीर आला.

गंमत म्हणजे ही पाल मूळची अमेरिकन नव्हेच. तिचं माहेर अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि आपला वायव्येकडचा कोरडा, खडकाळ मुलूख. अमेरिकेत कित्येक पिढ्या पिंजऱ्यात पैदास होऊन ती तिथली झाली. भाऊजींचंही तसंच झालेलं असल्याने दोघांचं बरं जमत असावं. आपल्या भिंतीवरच्या पालीसारखी ही भिंतीवर चढत नाही. तिच्या बोटांना ती चिकटपट्टीच नाही. शिवाय हिला पापण्या असतात. आपल्या घरातल्या पालीला पापणी मिटता येत नाही. ती जिभेने डोळे पुसते. ही रीतसर डोळे मिटते. हा पापण्यांचा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे त्यावरच सगळं घोडं अडणार आहे.

आता पाल माणसाळवायची कशी? भाच्याने मला याचं शिक्षण दिलं. आमच्या बँकेत नव्या मॅनेजरला ब्रँच माणसाळवायचं जे प्रशिक्षण देतात त्यापेक्षा ते कितीतरी सरस होतं.

“मामा, पहिले दोन वीक्स तिला टच करायचंच नाही,” तो म्हणाला. पाल घरी आणली की तिला तिची काचपेटी, तिची लपायची जागा, तिचं पाणी कळू द्यायचं. पेटीची एक बाजू उबदार, बत्तीस अंशांच्या आसपास, दुसरी थंड. लपायला दोन्हीकडे आडोसा. खायला जिवंत रातकिडे, त्यांना कॅल्शियमची पावडर लावून. म्हणजे आपण सुरळीच्या वडीवर खोबरं भुरभुरतो तसं. एवढं करायचं आणि लांब बसायचं.

मग रोज थोडा वेळ हात पेटीत नुसता सपाट ठेवायचा. हलवायचा नाही. ती येईल, जिभेने हाताला स्पर्श करील. ते चाटणं म्हणजे प्रेम नव्हे, चौकशी असते. जिभेवरून आत गेलेल्या कणांनी ती वास ओळखते. काही लोक आपला घातलेला टीशर्टही पेटीत ठेवतात, वासाची ओळख व्हावी म्हणून. हात कधीही वरून न्यायचा नाही. लाखो वर्षं पालीच्या डोक्यावरून जे आलं ते ससाणा किंवा घुबड होतं. त्यामुळे वरून आलेल्या वस्तूकडे सहानुभूतीने पाहण्याची तिला सवय नाही. (मुख्य कचेरीतून आलेल्या सर्क्युलरांबाबत आमचंही तेच आहे.) हात बाजूने, खालून न्यायचा. मुठीत धरायचं नाही, तळवा पुढे करायचा. ती चालू लागली तर एका हातापुढे दुसरा हात ठेवत जायचं, म्हणजे तिला रस्ता संपल्यासारखं वाटत नाही. आपण जमिनीवर बसायचं, पडली तरी लागू नये म्हणून. पाच-दहा मिनिटांत परत ठेवायचं. कात टाकताना किंवा जेवण झाल्यावर लगेच त्रास द्यायचा नाही. आणि शेपटी? शेपटीला हात लावायचा नाही. पकडली तर ती तुमच्या हातात ठेवून निघून जाते. नवी येते, पण जरा बेढब येते. त्या जाड शेपटीत तिची चरबी साठवलेली असते; म्हणजे जीव वाचवायला ती आपली फिक्स्ड डिपॉझिट मुदतीपूर्वी मोडते. शेवटी हात साबणाने धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू असू शकतात. प्रेम कितीही असलं तरी हात धुवायचे.

हे सगळं भाच्याने दोन वर्षं केलं होतं. आता संध्याकाळी तो पेटीचं झाकण काढून हात आत ठेवी; पोहे आडोशातून डोकं बाहेर काढी, विचार करी, चालत हातावर येई, मनगटाशी पोट टेकवून बसे आणि हळूच डोळे मिटून घेई.

“बघ मामा, शी ट्रस्ट्स मी.”

इथून आमच्या वादाला तोंड फुटलं.

भाऊजी इंजिनियर. ते म्हणाले, “ट्रस्ट वगैरे काही नाही रे. सवय आहे. रोज एक वस्तू समोर येते आणि काही करत नाही, म्हणून मेंदूने ती अलार्मच्या यादीतून काढून टाकली. रेल्वेलाइनजवळ राहणाऱ्याला गाडीचा आवाज ऐकू येईनासा होतो. म्हणून काय त्याचं गाडीवर प्रेम असतं?”

ताई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, “अरे, हात गरम असतो ना, म्हणून बसते. थंड रक्ताची आहे ती. उद्या गरम पाण्याची पिशवी ठेवलीस तर तिच्यावरही बसेल.”

भाच्याचा चेहरा पडला. दोन वर्षं मित्र म्हणून मिरवावं आणि अचानक कळावं की आपण पाच बोटांचा हीटर आहोत! ते दु:ख काय असतं हे प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला घरी जाणाऱ्या नवऱ्याला कळेल. तो माझ्याकडे वळला. “मामा, तुला काय वाटतं?”

आता मामा म्हटल्यावर काहीतरी वाटायलाच हवं. मी “विचार करून सांगतो” म्हणालो. बँकेतल्या माणसाला या वाक्याचा चांगला सराव असतो. पण यावेळी मी खरोखरच विचार केला.

दुसऱ्याच्या मनात काय आहे हे आपल्याला कळतं का, हा प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. पण विचारवंतांनी त्यावर पुष्कळ कागद खर्च केलेला आहे. सतराव्या शतकातल्या देकार्तने जनावरांना यंत्रांच्या रांगेत बसवलं. त्याच्या हिशेबी पोहे म्हणजे किल्ली दिलेलं घड्याळ. अठराव्या शतकात, १७८९ साली, बेंथमने सांगितलं की जनावराला तर्क येतो का, बोलता येतं का, हे विचारू नका. त्याला यातना होतात का, हे विचारा. आणि १९७४ साली थॉमस नेगल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने वटवाघळावर एक निबंध लिहिला. त्याचा मथितार्थ असा, की वटवाघळाच्या शरीराची सगळी माहिती गोळा केली तरी वटवाघूळ असणं आतून कसं वाटतं, हे आपल्याला त्यातून कळणार नाही. माझ्या वीस वर्षांच्या सर्व्हिसमध्ये काउंटरपलीकडून पासबुक भरायला आलेल्या माणसाला माझ्याविषयी हे कळलेलं नाही, मला त्याच्याविषयी कळलेलं नाही. तिथे वटवाघूळ आणि पाल कुठे घेऊन बसलात?

म्हणजे भाचा, भाऊजी आणि ताई या तिघांपैकी बरोबर कोण, हे पालीच्या आत शिरल्याशिवाय सांगता येणार नाही. इथवर ठीक होतं. प्रश्न सुटत नाही म्हटल्यावर माणूस जेवायला मोकळा होतो. पण त्या रात्री भाच्याच्या पुस्तकात आणखी एक गोष्ट वाचली आणि माझी झोप गेली. पाल हातात शांत बसली, डोळे मिटून घेतले, म्हणजे ती सुखात आहेच असं नाही, असं त्यात लिहिलं होतं. कधीकधी घाबरलेली पालही निश्चल होते आणि डोळे मिटून घेते. पळायला जागा नाही म्हटल्यावर तिच्या हातात तेवढंच असतं.

सवय लागलेली पाल, ऊब घेणारी पाल, विश्वास टाकलेली पाल आणि आशा सोडलेली पाल या चौघीही बाहेरून एकसारख्या दिसतात! चौघी शांत. चौघींचे डोळे मिटलेले. आणि आपण चौघींनाही एकच शब्द लावतो: माणसाळलेली.

हा शब्द मला तेव्हापासून जरा टोचतो. माणसाळणं म्हणजे माणसाची सवय होणं. पण शब्द माणसानेच बनवलेला असल्यामुळे त्यात कौतुकही माणसाचंच आहे. जनावर गप्प बसलं की आपण म्हणतो, बघा, याला आमचा लळा लागला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत सर्कशीच्या आवारात अ‍ॅनोल नावाचे छोटे हिरवे सरडे विकत. गळ्यात बारीक साखळी, साखळीच्या दुसऱ्या टोकाला टाचणी. ती कोटाला टोचायची. सरडा दिवसभर कोटावर बसून राही. तोही त्या काळी लोकांना किती माणसाळलेला वाटत असेल!

आशा सोडण्याच्या या प्रकाराचाही अभ्यास झालेला आहे. १९६७ साली सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या कुत्र्यांना विजेचे धक्के कशानेही थांबवता आले नव्हते, त्यांच्यापैकी बरीच पुढे सुटकेचा सोपा मार्ग समोर असूनही तो घेत नव्हती. पडून राहत होती. याला त्यांनी शिकलेली असहायता म्हटलं. पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, मेंदूतलं नवं संशोधन बघून त्याच दोघांनी लिहिलं की आपण उलटं समजत होतो. पडून राहणं शिकावं लागत नाही. त्रास लांबला की ते आपोआप येतं. शिकावं लागतं ते हे, की आपल्या करण्याने काही बदलू शकतं.

एवढं वाचल्यावर मला पालीपेक्षा माणसंच जास्त दिसायला लागली.

आमच्या सोसायटीत एक आजोबा आहेत. कोकणातलं घर बंद करून मुलाने त्यांना आणलं. मुलगा चांगला, सून चांगली. औषध, डॉक्टर, मऊ भात, कशाला कमी नाही. पहिलं वर्षभर आजोबा कटकट करायचे. इथलं पाणी जड, इथला फणस बेचव, इथे रात्र काळी होत नाही. आता चकार शब्द काढत नाहीत. सकाळी बाल्कनीत बसवलं की दुपारी उठवेपर्यंत बसतात. “आता छान रुळलेत हो,” असं त्यांचा मुलगा लिफ्टमध्ये समाधानाने सांगतो. अमेरिकेहून आल्यावर मी आजोबांना सहज विचारलं, “काय आजोबा, रुळलात ना इथे?” ते म्हणाले, “रुळलो तर. रुळावर आहे म्हणजे घसरायची भीती नाही.” मग जरा थांबून म्हणाले, “वळायचीही सोय नाही, ते सोडा.”

कटकट करणारे आजोबा सगळ्यांना नकोसे होते. पण कटकट करत होते तोवर त्यांना वाटत होतं की बोललं तर काहीतरी होईल. ज्या दिवशी ते गप्प झाले त्या दिवशी घराने पेढे वाटायला नको होते, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसायला हवं होतं.

कचेऱ्यांतही निराळं काही नसतं. एका शाखेत मी तक्रार-वही पाहिली होती. दोरीने बांधलेली, पेन गायब, पानं कोरी. साहेबाने वार्षिक अहवालात लिहिलं, ‘ग्राहक पूर्ण समाधानी.’ कोऱ्या पानावरून समाधान वाचणारा तो साहेब आणि मिटल्या डोळ्यांवरून विश्वास वाचणारा माझा भाचा यांच्यात फरक एवढाच, की भाचा तेरा वर्षांचा होता आणि त्याने विचारलं तरी होतं.

पण गंमत बघा, ज्या बँकिंगची आपण एवढी थट्टा करतो त्याच्या नियमांत या बाबतीत मोठं शहाणपण आहे. बचत खात्यावर खातेदाराने दोन वर्षांहून जास्त काळ काही व्यवहार केला नाही, तर बँक असं म्हणत नाही की वा, काय शांत खातं आहे, किती सुखात आहे! ती त्याला ‘निष्क्रिय’ म्हणते आणि खातेदाराचा ठावठिकाणा शोधायला लागते. खातेदार कुठे आहे, आहे की नाही, वारस कोण, अशी चौकशी सुरू होते. दहा वर्षं कोणी फिरकलंच नाही तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या २०१४ साली केलेल्या निधीत जातात, तरी हक्कदाराचा हक्क जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या लेखी शांतता म्हणजे संमती नव्हे. शांतता म्हणजे चौकशीचं कारण. घरी आपण एवढा साधा नियम पाळत नाही.

आणि मग मला भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. तत्त्वज्ञांच्या पुस्तकात ते नव्हतं. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी ज्या तासाला मी मागच्या बाकावर डुलक्या घेत असे, त्या अकाउंटन्सीच्या तासात होतं. हिशेबशास्त्रात एक सावधगिरीचं तत्त्व आहे. नफा होईल होईल असं वाटतंय म्हणून तो जमा धरायचा नाही. तोटा मात्र होईल अशी शंका जरी आली तरी त्याची तरतूद आधी करायची. तरुणपणी मला हे तत्त्व भित्र्या लोकांचं वाटे. सुख आलं तर लिहायचं नाही आणि दु:ख दिसायच्या आत लिहून ठेवायचं, असं कुठे असतं का? आता वाटतं, ज्याच्या मनात शिरता येत नाही अशा जिवाशी वागायला याहून चांगलं तत्त्व मिळणार नाही.

पालीचं आपल्यावर प्रेम आहे? असेल. पण ते उत्पन्नात धरायचं नाही. ते सस्पेन्स खात्यात टाकायचं. ज्या नोंदीची खातरजमा झालेली नाही ती आम्ही तिथे ठेवतो. खोटी म्हणून खोडत नाही आणि खरी म्हणून मिरवतही नाही. पालीला भीती वाटते? शेपूट सावकाश वर उचलून नागमोडी हलवते आहे, धाप लागल्यासारखा श्वास चालतो आहे, अंग ताठलं आहे? नुसती शंका आली तरी ती खरी धरायची आणि तिला लगेच खाली ठेवायचं. प्रेमाच्या बाबतीत पुरावा मागायचा, भीतीच्या बाबतीत मागायचा नाही. आपण सर्रास उलटं करतो. जनावराच्या, पोराच्या, म्हाताऱ्याच्या प्रेमाची जमा आपण नुसत्या अंदाजाने दाखवतो आणि त्यांच्या भीतीचं व्हाउचर मागत बसतो.

हे मी भाच्याला माझ्या परीने सांगितलं. त्याला अकाउंटन्सी कळली नाही, पण एक गोष्ट लगेच कळली. तो म्हणाला, “म्हणजे मामा, तिला जाता आलं पाहिजे.”

अगदी बरोबर. चार प्रकारच्या शांत पाली बाहेरून सारख्या दिसतात, पण त्यांतली आशा सोडलेली पाल ओळखायचा एक मार्ग आहे. तिला जायची वाट मोकळी ठेवायची. उचलून हातावर घेतलेली पाल बसली, तर त्यातून काहीच कळत नाही. हात सपाट ठेवला, आडोसा दोन इंचांवर उघडा आहे, तिथेही तितकीच ऊब आहे, आणि तरीही ती आली, तर थोडंसं कळतं. येऊन पाच मिनिटांत परत गेली आणि आपण तिला जाऊ दिलं, तर आणखी थोडं कळतं. विश्वास आहे, असं यानेही सिद्ध होत नाही. पण जबरदस्ती नाही, एवढं होतं. सेलिगमन-मायर यांच्या नव्या लेखाच्या हिशेबाने पाहिलं तर त्या पालीला एक मोठी गोष्ट मिळालेली असते: आपल्या करण्याने काही बदलतं, ही.

आता कोणी चोखंदळ वाचक विचारील, एवढी जाण्याची मोकळीक द्यायची तर मुळात काचपेटी कशाला? रास्त प्रश्न आहे. झाकण उघडं ठेवलं म्हणून काचपेटीचं माळरान होत नाही. रानातली पाल रानातच असावी, यात मला शंका नाही. आपल्याकडे घोरपड पकडणं, पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हाच आहे आणि तो तसा असावा. पण पिढ्यान्‌पिढ्या पेटीत जन्मलेल्या पोह्यांना न्यू जर्सीच्या बर्फात मोकळं सोडणं ही दया झाली नसती. जे जीव आपण आपल्यावाचून जगू शकणार नाहीत असे करून ठेवले, त्यांना सोडून देऊन हात झटकता येत नाहीत. हात धुता येतात फक्त. आणि ही जबाबदारी लहान नाही. लेपर्ड गेको नीट ठेवली तर पंधरा-वीस वर्षं जगते. ते एक गृहकर्जच आहे. भाचा पाच वर्षांनी कॉलेजला जाईल आणि रातकिड्यांना कॅल्शियम लावायचं काम ताईकडे येईल, हे सगळ्या घराला ठाऊक आहे. फक्त अजून कोणी उच्चारलेलं नाही.

“मग मला काय मिळतं?” असं भाच्याने विचारलं नाही, मीच मनात विचारलं. कुत्रा शेपूट हलवतो, मांजर निदान अंगाला घासतं, पोपट शिव्या देतो. पाल काहीही परत करत नाही, केलं तरी ते सस्पेन्स खात्यात जातं. दोन वर्षांच्या गुंतवणुकीवर परतावा शून्य. कॉमर्सवाल्याने हा व्यवहार बुडीत म्हणूनच लिहायला हवा. पण त्या तीन आठवड्यांत मी एक गोष्ट पाहिली. हा मुलगा दारं आपटतो, जिने तीन-तीन पायऱ्यांनी उतरतो, आईला अर्धवट उत्तरं देतो. सगळं त्या वयाला शोभेल असंच. पण पेटीपाशी आला की त्याचा हात बदलतो. हळू होतो. वरून येत नाही. थांबतो. समोरच्याला नको असेल तर मागे येतो. जगात असे किती हात असतील? मला वरून आलेले हात पुष्कळ आठवतात. खालून, सपाट, थांबून पुढे झालेले मोजायला एका हाताची बोटं पुरतात. ती पाल माणसाळली की नाही, मला माहीत नाही. भाचा मात्र थोडा माणसाळला होता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याने मलाही हात ठेवायला लावला. मी साबणाने हात धुतले, जमिनीवर मांडी घातली आणि तळवा पेटीत ठेवला. पोह्यांनी आडोशातून डोकं काढलं. माझ्याकडे पाहिलं. पापण्या एकदा मिटल्या, उघडल्या. कर्जाचा अर्ज वाचताना आमचे साहेब असंच करतात. जिभेने माझ्या करंगळीची चौकशी केली आणि ती शांतपणे वळून आत निघून गेली.

“सॉरी मामा,” भाचा म्हणाला.

मी म्हटलं, “अरे, सॉरी कशाला? अर्ज नामंजूर झाला, एवढंच. निदान वाचला तरी!”